नदी गोठते, हॉटेल उभं राहतं

स्वीडनच्या अगदी उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे दोनशे किलोमीटर वर, तोर्ने नदीच्या काठी युक्कासयार्वी हे छोटं गाव आहे. काही शे माणसांची वस्ती, 1607 साली बांधायला घेतलेलं लाकडी चर्च आणि भोवती पाइन-बर्चचं जंगल. दर हिवाळ्यात इथे बर्फाचं हॉटेल बांधलं जातं आणि उन्हं तापू लागली की ते वितळून नदीला मिळतं. जगभरातली जोडपी मधुचंद्राला, लग्नाच्या वाढदिवसाला, कधी कधी तर लग्न लावायलाच इथे येतात. त्यासाठी बर्फाचंच एक खास दालन कोरलेलं असतं.

शून्याखालच्या खोलीत झोपण्यात कसला आलाय प्रणय, असं कुणालाही वाटेल. पण या जागेची सारी जादू थंडीला आणि अंधाराला जसंच्या तसं राहू देण्यात आहे.

सुरुवात अगदी साध्या अडचणीतून झाली. यिंग्वे बेर्यक्विस्ट हे गावात पर्यटनाचा व्यवसाय करत. उन्हाळ्यात लोक नदीवर येत, हिवाळ्यात मात्र कुणी फिरकत नसे. 1989 मध्ये त्यांनी जपानी बर्फशिल्पकारांना गावात आणलं. त्यानंतरच्या वर्षी एका मोठ्या इग्लूत चित्रांचं प्रदर्शन भरलं. एका रात्री राहायला जागा मिळेना, तेव्हा काही पाहुण्यांनी त्या इग्लूतच मुक्काम केला. रेनडिअरची कातडी अंथरली, स्लीपिंग बॅगा पसरल्या आणि सकाळी मंडळी ताजीतवानी होऊन उठली. आइसहोटेलचा जन्म तो असा.

खरा नायक मात्र तोर्नेचा बर्फ. स्वीडनमधल्या ज्या चार मोठ्या नद्यांना जलविद्युत प्रकल्पांपासून कायद्याने संरक्षण आहे, त्यांत तोर्ने येते. पाणी वाहतं असल्यामुळे बर्फ वरून खाली हळूहळू धरत जातो आणि हवेचे बुडबुडे, गाळ प्रवाहाबरोबर निघून जातो. म्हणून इथली लादी काचेसारखी नितळ असते. मार्चच्या सुमारास, बर्फ पुरेसा जाड झाला की, यंत्रांनी दोन-दोन टनांच्या लाद्या कापून शीतगृहात ठेवतात आणि तिथे त्या उन्हाळाभर राहतात. नोव्हेंबरात बांधकाम सुरू होतं. लोखंडी साच्यांवर बर्फ आणि हिम यांचं मिश्रण फवारायचं, ते घट्ट झालं की साचा काढून घ्यायचा, कमानी तयार. मग देशोदेशींचे कलावंत येतात आणि प्रत्येक जण आपापली खोली छिन्नी-करवतीने कोरतो. एका वर्षीची खोली पुढच्या वर्षी पाहायला मिळत नाही. काही महिन्यांतच वितळून जाणाऱ्या भिंतीवर एखादा शिल्पकार पिसाचा एकेक तंतू कोरत बसतो, ही गोष्ट मनाला फार भिडते.

2016 पासून शेजारी बारमाही इमारतही आहे. उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीही सूर्य असतो आणि त्याच उन्हावर चालणारे सौर पॅनल बर्फ गोठलेला ठेवायला वीज पुरवतात.

आता मुक्कामाची रात्र. बाहेर उणे तीस असलं तरी खोलीत उणे पाच ते उणे आठ अंश टिकून राहतात, कारण हिमात अडकलेली हवा थंडीला अडवते. रेनडिअरच्या केसांतही हवा कोंडलेली असते. म्हणून बर्फाच्या पलंगावर गादी आणि तिच्यावर ही कातडी पसरतात. सामानसुमान शेजारच्या उबदार इमारतीत ठेवायचं. अंगात लोकरीचे आतले कपडे, पायांत कोरडे मोजे, डोक्याला टोपी. सुती कपडे घालायचे नाहीत. सुतात घाम मुरतो आणि मग हुडहुडी भरते. जोडप्यांना दोघांची एकच स्लीपिंग बॅग मागता येते. साध्या बर्फखोलीत स्वच्छतागृह नसतं, तेव्हा रात्री उठलं की बूट-कोट चढवून उबदार इमारत गाठावी लागते. अशा वेळी सोबत जाणारं माणूस किती मोलाचं! सकाळी कर्मचारी लिंगनबेरीचा गरम रस घेऊन उठवायला येतात आणि पाठोपाठ सौना असतोच.

डिसेंबरच्या मध्यापासून नव्या वर्षाच्या आरंभापर्यंत इथे सूर्य क्षितिजावर येत नाही. तरी चोवीस तास मिट्ट काळोख नसतो. दुपारच्या सुमारास काही तास आकाश निळं-गुलाबी होतं, पहाट लांबतच जाते आणि दिवस न उगवताच तिची संध्याकाळ होते. लोकमान्य टिळकांनी 1903 साली प्रसिद्ध केलेल्या 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज'मध्ये वैदिक उषासूक्तांतल्या लांबलचक पहाटेचा संबंध ध्रुवप्रदेशाशी जोडला होता. तो सिद्धांत विद्वानांनी स्वीकारला नाही; पण आर्क्टिक न पाहता, केवळ ग्रंथांच्या आधारे त्यांनी या उजेडाचा जो ध्यास घेतला, तो इथे आलेल्या मराठी माणसाला आठवल्यावाचून राहणार नाही.

रात्री सगळ्यांच्या माना वर. हा प्रदेश ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच येतो. सूर्याकडून आलेल्या कणांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ होते, तिथले इलेक्ट्रॉन वेगाने वातावरणात शिरतात आणि शंभरेक किलोमीटरच्या वर ऑक्सिजनवर आदळले की हिरवा प्रकाश पडतो. अजून वर तोच ऑक्सिजन तांबडा दिसतो. 1741 साली उप्साला इथे अँडर्स सेल्सिअस आणि ओलोफ हिओर्टर यांना आढळलं, की हा प्रकाश खेळू लागला की होकायंत्राची सुई हलते. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: फिकट प्रकाश डोळ्यांना बऱ्याचदा राखाडी ढगासारखा दिसतो, हिरवा रंग आधी फोनच्या कॅमेऱ्यात उमटतो. आणि आभाळ भरलेलं असलं तर काहीच दिसत नाही. म्हणून तीन-चार रात्री हाताशी ठेवाव्यात. जमल्यास रेल्वेने आबिस्कोला जावं. डोंगरांच्या आडोशामुळे तिथे पाऊस-हिम कमी पडतं आणि आकाश अधिक वेळा मोकळं मिळतं.

या भूमीवर पूर्वापार राहणारे सामी लोक रेनडिअर पाळतात. स्वीडनमध्ये रेनडिअर पाळण्याचा हक्क त्यांनाच आहे. त्यांच्या घसरगाडीतून जंगलात जाता येतं. चालताना रेनडिअरच्या पायांतून येणारा टिकटिक आवाज थेट कानी पडतो. शेकोटीवर उकळलेल्या कॉफीत चीजचे तुकडे टाकून देतात, ते चमच्याने काढून खायचे. गप्पा रंगल्या तरी 'तुमचे रेनडिअर किती?' असं मात्र विचारू नये. आपल्याकडे एखाद्याला बँकेत किती शिल्लक आहे असं विचारावं, तसं ते होतं. त्यांच्या अडचणी ऐकण्यासारख्या आहेत. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडला की जमिनीवर बर्फाचा कडक थर धरतो, खालचं शेवाळासारखं खाद्य जनावरांना उकरता येत नाही आणि मग कळपांना बाहेरून चारा घालावा लागतो. जंगलाच्या नि:शब्द सौंदर्यावर भाळणाऱ्या पाहुण्यांनी हेही समजून घ्यायला हवं. हे जंगल या लोकांचं रोजचं रान आहे.

पोहोचायला स्टॉकहोमहून किरुनापर्यंत दीडेक तासांचं विमान किंवा रात्रीची रेल्वे, पुढे सुमारे सतरा किलोमीटर रस्ता. किरुना हेही पाहण्याजोगं शहर. लोखंडाच्या खाणीमुळे जमीन खचू लागली म्हणून ते सरकवणं चालू आहे; ऑगस्ट 2025 मध्ये तिथलं 1912 सालचं लाकडी चर्च चाकांच्या वाहनांवर ठेवून दोन दिवसांत पाच किलोमीटर दूर नेलं.

खर्च भरपूर आहे, म्हणून बरीच जोडपी बर्फाच्या खोलीत एकच रात्र काढतात आणि उरलेल्या रात्री उबदार लाकडी केबिनमध्ये. हा बेत शहाणपणाचा. ध्रुवीय प्रकाशाची आस असलेल्यांनी डिसेंबर-जानेवारी निवडावा. फेब्रुवारीअखेरीपासून दिवस मोठे होतात, थंडी थोडी सैलावते आणि कुत्र्यांच्या गाडीतून लांब फिरता येतं. मार्चमध्ये गेलेल्यांना नदीवर पुढच्या हिवाळ्याच्या हॉटेलासाठी बर्फ कापण्याचं काम चालू असलेलं पाहायला मिळतं.