ताम्रपटावरची शाई

शिलाहारांचा ताम्रपट कोरणाऱ्याची छिन्नी अक्षरांपुरतेच तांबे खोदून काढी आणि भोवतालचे शाबूत ठेवी. घरच्या घरी सर्किट बोर्ड तयार करणाऱ्या हौशी मनुष्याचा व्यवहार मात्र नेमका उलट असतो, कारण त्याला लेखणीने ओढलेल्या रेषेखालचे तांबे राखून बाकीचे सारे फेरिक क्लोराइडच्या द्रावणाच्या हवाली करावयाचे असते. हा ताम्रस्तर सामान्यतः अवघा ३५ मायक्रोमीटर जाडीचा, आणि त्याच्या रक्षणाची सारी जबाबदारी शाईच्या त्याहूनही तलम अशा लेपावर!

तेव्हा लेखणी कागदावर किती काळीभोर उमटते, हे पाहून तिची पारख होत नाही. रंग हा केवळ दिसण्यापुरता. द्रावणाला थोपवून धरते ती शाईतील राळ, जी मद्यार्क उडून गेल्यावर तांब्याला चिकटून मागे उरते. व्हाइटबोर्डचा मार्कर पुसला जावा याच हेतूने घडविलेला असल्यामुळे येथे कुचकामी ठरतो. पाण्यात विरघळणाऱ्या स्केचपेनाची तर गोष्टच सोडा. स्टेडलरच्या ‘लुमोकलर’ लेखणीचा हौशी मंडळींत बराच लौकिक आहे, परंतु त्याच नावाने पुसली जाणारी जातही विकली जात असल्याने ‘परमनंट’ हा शब्द वाचल्याखेरीज दुकानदाराला पैसे देऊ नयेत. लॅकरयुक्त पेंट मार्करचा लेप याहून जाड बसतो. मात्र तो वाळण्यास अवधी लागतो, आणि उतावळ्या माणसाच्या हाती तो देण्यात हशील नाही.

एका हाताने भागले नाही तर दुसरा द्यावा, हे खरे. पण दुसऱ्या हातातील मद्यार्क पहिला लेप मऊ करतो आणि लेखणीचे टोक तोच खरवडून नेते, म्हणून पहिला पूर्ण सुकू द्यावा व नंतर हलकेच फिरवावे. तत्पूर्वी तांबे घासून लख्ख करावे आणि त्यास बोट लावू नये, कारण बोटांच्या स्निग्धतेवर कोणतीच शाई धड धरत नाही. पुष्कळदा लेखणीच्या माथी मारलेला दोष मुळात या आळसाचा असतो.

खात्री करावयाची तर बोर्डाच्या टाकाऊ तुकड्यावर हाताशी असतील त्या सर्व लेखण्यांच्या रेषा ओढून तो द्रावणात सोडावा, आणि नंतर थिनरने शाई पुसून उजेडासमोर धरावा. जिची रेष सुईच्या टोकांनी टोचल्यासारखी सच्छिद्र दिसेल, ती लेखणी पत्ते लिहिण्यास ठेवावी. द्रावण कडेने रेषेखालीही शिरत असल्याने बारीक रेष अधिकच बारीक होते. आयसीच्या दोन पायांत, २.५४ मिलिमीटरच्या अंतरातून, रेष काढण्याचा प्रसंग आल्यास लेखणीचा हट्ट सोडून लेझर प्रिंटरच्या टोनरची छाप इस्त्रीने उतरविणेच श्रेयस्कर.