चकचकीत रंगीत फोटो पुठ्ठ्यावर चढवताना

पनवेलच्या पावसाळ्यात भिंतीवरच्या फोटोला पोक येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. खळ लावली तर ओलाव्यानं आणखी बिघडतो. म्हणून आम्ही ड्राय माउंटिंग करतो. म्हणजे फोटो आणि पुठ्ठा यांच्यामध्ये उष्णतेनं चिकटणारा टिश्यू ठेवून गरम प्रेसमध्ये दाबायचं.

गोम उष्णतेत आहे. जुना ब्लॅक अँड व्हाइट फायबर कागद बरीच उष्णता सोसतो. रंगीत फोटोच्या कागदाला मात्र दोन्ही बाजूंनी पॉलिथिलीनचा थर असतो. तो तापला की फोड येतात, चकाकी मरते. आम्ही कमी तापमानाचा टिश्यू घेतो आणि ९० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबतो. टिश्यूच्या पाकिटावरचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळायचा.

तरी आमच्याकडे जास्त त्रास दमटपणाचा, बरं का! फोटोवरचं जिलेटिन ओल लागली की मऊ पडतं, आणि वरचा कागद त्याला चिकटतो. म्हणून पुठ्ठा आणि झाकणाचा कागद आधी प्रेसमध्ये दाबून, उघडून, वाफ जाऊ द्यायची, जुलैत दोनदा. फोटोवर गुळगुळीत सिलिकॉनचा रिलीज पेपरच हवा. वाळूचा एक कण राहिला तरी चकाकीवर कायमचा ठसा! बाहेर काढल्यावर सपाट वजनाखाली गार करायचा.

आईवडिलांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो असेल, निगेटिव्ह नसेल, तर तो आम्ही चढवत नाही. चिकटलेला टिश्यू सहसा सुखरूप सुटत नाही. स्कॅन करून प्रत चढवायची. मूळ फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवून ठेवा, काचेला टेकू देऊ नका.