नोव्हेंबर 1843 : डिकन्सचा एक दिवस

सकाळी सात. लंडन अजून नीट उजाडलेलं नाही. रीजन्ट्स पार्कजवळच्या डेव्हनशायर टेरेसमधल्या घरात चार्ल्स डिकन्स उठतो. वय 31, चार मुलं, पाचवं वाटेवर. हप्त्याहप्त्यानं निघणारी 'मार्टिन चझलविट' हवी तशी खपत नाही, पैशांची ओढाताण आहे. आठला नाश्ता.

नऊ ते दोन लिहायचं, आणि मध्ये कुणी यायचं नाही. चझलविटचा हप्ता चुकवून चालणार नाही, पण ऑक्टोबरपासून जीव गुंतलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. नाताळच्या आदल्या रात्री स्क्रूज नावाच्या एका कवडीचुंबक व्यापाऱ्याला भुतं भेटतात, ती 'अ ख्रिसमस कॅरल'. ही भुतं निघाली ती एका सरकारी अहवालातून. राबणाऱ्या मुलांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा दुसरा अहवाल याच वर्षी आला. नॉटिंगहॅमला लेसच्या धाग्यांवर बसवलेली पाच-सहा वर्षांची पोरं, हंगामात पंधरा-पंधरा, अठरा-अठरा तास शिवणाऱ्या लंडनच्या मुली, सगळं त्यात छापलेलं. आयोगातल्याच डॉ. साउथवुड स्मिथ यांनी तो पाठवला तेव्हा डिकन्स हादरून गेला. गरिबांच्या मुलांसाठी एक पत्रक काढायचं त्यानं ठरवलं, आणि चारच दिवसांत तो बेत पुढे ढकलला. पत्रक कधीच निघालं नाही, गोष्ट निघाली. पत्रक ज्यांना आधीच पटलेलं असतं तेच वाचतात. गोष्ट घरात मोठ्यानं वाचली जाते, पोराबाळांसकट सगळे ऐकतात. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत शहाणा निर्णय, असं मला वाटतं.

वर्गणी मागायला आलेल्यांना स्क्रूज तुरुंग आणि वर्कहाउसकडे बोट दाखवतो, तेव्हा ती भाषा त्याच्या एकट्याची नसते. 1834च्या कायद्यानं धडधाकट गरिबाची घरबसल्या मिळणारी मदत तोडून त्याला वर्कहाउसची वाट दाखवली होती. आत गेलं की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. बाहेरच्या हलक्यातल्या हलक्या मजुरीपेक्षाही आतलं जिणं नकोसं वाटलं पाहिजे, हे उघड धोरण होतं. अन्नापेक्षा माणसं भराभर वाढतात, हा माल्थसचा सिद्धांतही पाठीशी होताच. स्क्रूज कर भरतो, कायदा पाळतो. मला त्याची भीती वाटते ती म्हणूनच.

दोन वाजता लेखणी खाली. मग पायपीट. हे शहर त्याला पुस्तकांतून कळलेलं नव्हतं. 1824 साली कर्जापायी वडील मार्शलसी तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांचा चार्ल्स हंगरफर्ड स्टेअर्सजवळच्या बूटपॉलिशच्या कारखान्यात. बरणीवर आधी तेलकट कागद, वर निळा कागद, मग दोरी, कडा कातरून सारख्या करायच्या, शेवटी लेबल चिकटवायचं. दिवसभर तेच. आठवड्याला सहा-सात शिलिंग. हे त्यानं हयातभर झाकून ठेवलं. जगाला कळलं ते त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र फॉर्स्टर यानं लिहिलेल्या चरित्रातून. गोष्टीतला स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट, त्याच्या घरी भट्टी नाही, नाताळचा हंस भाजायला पाववाल्याकडे न्यावा लागतो, हा तपशील खुर्चीत बसून सुचत नाही.

सहाला जेवण. मग पुस्तकाचा हिशेब. छपाईचा खर्च तो स्वतः उचलतोय. लाल कापडी बांधणी, सोनेरी कडा, जॉन लीचची रंगीत चित्रं, किंमत 5 शिलिंग. बॉबचा आठवड्याचा पगार 15 शिलिंग. ज्याच्यासाठी हा आटापिटा, त्याला पुस्तक परवडणारं नाही. 19 डिसेंबरला ते बाहेर पडेल, नाताळच्या आत 6,000 प्रती संपतील, आणि हजार पौंडांची आस धरलेल्या लेखकाच्या हाती त्यातून जेमतेम 230 येतील.

रात्री, सगळे निजल्यावर, तो पुन्हा बाहेर. पंधरा-वीस मैल. गोष्ट डोक्यात, कधी रडतो, कधी हसतो. सप्टेंबरात त्यानं सॅफ्रन हिलजवळची फील्ड लेनची रॅगेड स्कूल पाहिली होती. शिकवणारे स्वयंसेवक, शिकणारी रस्त्यावरची मुलं, त्यांतली कित्येक पोटासाठी चोऱ्या करणारी. गोष्टीतल्या दुसऱ्या भुताच्या झग्याखाली दोन खंगलेली मुलं दडलेली असतात, अज्ञान आणि दारिद्र्य, आणि भूत अज्ञानाला जास्त भ्यायला सांगतं. वाचकांच्या लक्षात स्क्रूजनं शेवटी पाठवलेली टर्की राहते, ही दोघं विसरली जातात. इंग्लंड-वेल्समध्ये प्रत्येक मुलाच्या वाट्याला शाळा यावी म्हणून कायदा झाला 1870च्या ऑगस्टमध्ये. डिकन्स त्याच जूनमध्ये वारला होता.