११ वेळा एकच आमदार, एकदा १९२ आणि एकदा ७६८ मतांचा खेळ. सांगोल्याचा निवडणूक इतिहास नेमका काय सांगतो?

जून २०२२. राज्यात सत्तांतराच्या हालचाली सुरू होत्या आणि एकनाथ शिंदेंसोबत गेलेले आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला होते. त्यातल्याच एका आमदारांचा फोनवरचा संवाद बाहेर आला आणि दोन दिवसांत प्रत्येकाच्या स्टेटसला एकच वाक्य दिसायला लागलं, 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!'

रील झाले, गाणी झाली, टी-शर्टसुद्धा आले. हे आमदार होते सांगोल्याचे शहाजीबापू पाटील.

पण सांगोल्याची ओळख या डायलॉगच्या कितीतरी आधीपासूनची आहे. याच मतदारसंघानं एका माणसाला तब्बल ११ वेळा विधानसभेत पाठवलं. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सांगोला म्हणजे एकतर्फी मामला. आकडे मात्र वेगळंच सांगतात.

आधी मतदारसंघ समजून घेऊ

सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातला तालुका. विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक २५३. यात सांगोला तालुका आणि शेजारच्या पंढरपूर तालुक्याचा थोडा भाग येतो. लोकसभेला हा मतदारसंघ माढ्यात मोडतो.

माणदेशाचा हा पट्टा कायम पावसाची वाट बघणारा. कमी पाण्यावर येणाऱ्या डाळिंबानं इथल्या शेतकऱ्याला हात दिला. पण टेंभूचं पाणी कधी येणार, म्हैसाळचं कुठपर्यंत पोहोचणार, हे प्रश्न इथं प्रत्येक निवडणुकीत असतात. उमेदवार बदलतात, पक्ष बदलतात, पाण्याचा मुद्दा काही हटत नाही.

गणपतराव देशमुखांचं पर्व

१९४७ साली स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, गणपतराव देशमुख १९६२ साली इथून पहिल्यांदा आमदार झाले. राज्यात काँग्रेसची घट्ट पकड असतानाचा हा काळ. १९६७ ला ते पुन्हा निवडून आले.

१९७२ साली मात्र त्यांचा पराभव झाला. दोनच वर्षांत, १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत विधानसभेत पोहोचले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असे सलग चार विजय. १९९५ ला पराभव आणि त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४ असे परत सलग चार विजय. एकूण ११.

या काळात ते दोन वेळा मंत्री झाले. एकदा १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद सरकारमध्ये आणि नंतर १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी बहुतेक काळ ते विरोधी बाकावरच होते. दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा, सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी आणि एसटीनं फिरणारा साधा आमदार ही त्यांची ओळख.

देशातला विक्रम? जरा थांबा

'एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम गणपतरावांच्या नावावर' असे मेसेज तुम्हालाही आले असतील. ते बरोबर नाहीत. केरळमध्ये के. एम. मणी पाला मतदारसंघातून १३ वेळा, तर ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा निवडून आले. तमिळनाडूचे करुणानिधीही १३ वेळा आमदार झाले, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून.

महाराष्ट्रापुरता मात्र ११ हा आकडा सगळ्यात मोठा आहे. आणि मणी, चंडी, करुणानिधी हे तिघंही सत्तेच्या आसपास राहिलेल्या पक्षांचे किंवा आघाड्यांचे बडे नेते होते. गणपतरावांचा पक्ष राज्यात दिवसेंदिवस लहान होत गेला, तरी ते निवडून येत राहिले. त्यांचं वेगळेपण मोजायचं तर ते इथं आहे.

१९२ मतं

आता १९९५ कडे वळू. सलग चार विजय मिळवलेल्या गणपतरावांसमोर काँग्रेसचे तरुण उमेदवार होते शहाजीबापू पाटील. निकाल लागला आणि गणपतराव हरले. फरक होता फक्त १९२ मतांचा.

साधा हिशोब करा. ९७ मतदारांनी इकडचं मत तिकडे दिलं असतं, तर निकाल उलटा लागला असता. एका बसगाडीत आणि तिच्या टपावर बसतील एवढी माणसं.

पुढच्या निवडणुकीत गणपतरावांनी जागा परत मिळवली. शहाजीबापू नंतरही लढत राहिले, हरत राहिले. पक्षही बदलला. २०१४ साली ते शिवसेनेकडून उभे होते आणि सुमारे २५ हजार मतांनी पडले. गणपतरावांचा हा अकरावा आणि शेवटचा विजय.

म्हणजे गणपतराव जिंकत होते हे खरं, पण समोरच्या बाजूला कायम एक मोठा गट टिकून होता. त्याचा झेंडा कधी काँग्रेसचा, कधी शिवसेनेचा. पक्ष कुठलाही असो, 'देशमुखांच्या विरोधातलं' मत तालुक्यात होतंच.

७६८ मतं

२०१९ ला वयामुळे गणपतरावांनी थांबायचं ठरवलं. शेकापकडून त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख मैदानात उतरले. समोर शिवसेनेचे शहाजीबापू. तालुक्यात स्वतःची ताकद असलेल्या दीपक साळुंखे यांनी शहाजीबापूंना साथ दिली.

शहाजीबापू जिंकले, ७६८ मतांनी. इथंही ३८५ मतदार फिरले असते तरी चित्र बदललं असतं. पहिल्या विजयानंतर जवळपास २५ वर्षांनी ते परत आमदार झाले. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी गुवाहाटीचा तो फोन गाजला आणि दुष्काळी तालुक्याचा आमदार झाडी-डोंगरांच्या कौतुकासाठी राज्यभर ओळखला जाऊ लागला.

२०२४ ला काय झालं?

यावेळी लढत तिरंगी झाली. शिंदेंच्या शिवसेनेकडून शहाजीबापू, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून दीपक साळुंखे आणि शेकापकडून गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. शेकाप महाविकास आघाडीसोबत असूनही ही जागा ठाकरे गटानं लढवली.

बाबासाहेबांना सुमारे १ लाख १६ हजार मतं मिळाली, शहाजीबापूंना सुमारे ९१ हजार आणि साळुंखेंना सुमारे ५१ हजार. बाबासाहेब २५ हजारांवर मतांनी जिंकले. अख्ख्या राज्यात शेकापला मिळालेली ही एकमेव जागा.

'आजोबांचा गड नातवानं परत घेतला' अशी बातमी सगळीकडे चालली. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची मतं एकत्र केली तर ती १ लाख ४० हजारांच्या पुढे जातात. सगळीच मतं एका उमेदवाराकडे गेली असती असं नाही. तरीही २०१९ ला एकत्र असलेले दोन गट २०२४ ला वेगळे लढले, हा फरक डोळ्याआड करून हा निकाल समजत नाही.

मग सांगोला कुणाचा बालेकिल्ला?

शेकापचा म्हणायला हरकत नाही. २०१९ ला गणपतराव उमेदवार नसतानाही पक्षाला जवळपास निम्मी मतं मिळाली आणि २०२४ ला ते हयात नसताना पक्ष जिंकला. म्हणजे हे मत फक्त एका माणसाचं नव्हतं. पण १९९५ आणि २०१९ हेही सांगतात की या किल्ल्याचा दरवाजा शे-दोनशे माणसंही उघडू शकतात.

म्हणूनच पुढच्या वेळी इथं दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, विरोधातले दोन गट एकत्र येतात की नाही. आणि दुसरं, उपसा सिंचनाचं पाणी तोपर्यंत किती शिवारांत पोहोचलेलं असतं.

आणि 'माझ्या एका मतानं काय होतंय' असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगोल्याचे हे दोन आकडे सांगा. १९२ आणि ७६८.