म्हशीचा पाहुणा, घोड्याचा काळ

गोठ्यात म्हैस निवांत रवंथ करते आहे. शेजारी बांधलेला घोडा मात्र दिवसेंदिवस खंगतो आहे. ताप चढतो, उतरतो. पायांवर आणि पोटाखाली सूज येते, मागचे पाय लटपटतात. गंमत अशी, की दोघांच्याही रक्तात एकच परजीवी वळवळत असू शकतो.

या रोगाचं नाव सर्रा. पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये, तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे, आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात हा एकपेशीय जीव पाहिला. त्यांच्यावरूनच त्याचं नाव पडलं ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय.

उपचार झाले नाहीत तर घोडा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावतो. कुत्र्याचे डोळे पांढुरके होतात आणि तोही बहुधा लवकरच मरतो. उंट वर्षानुवर्षं झिजत राहतो. आपल्याकडच्या गाई-म्हशींना मात्र बहुतेकदा काहीच होत नाही. अतिश्रमाने किंवा दुसऱ्या आजाराने त्या खचल्या, की मग दूध आटतं, गर्भ पडतो, क्वचित जनावर गोल गोल फिरत कोसळतं.

शरीर या जीवाला हाकलत का नाही? कारण तो बहुरूपी आहे. अंगावरचं प्रथिनांचं आवरण ओळखून शरीराने प्रतिपिंडं तयार करावीत, तोवर काहींनी नवं आवरण चढवलेलं असतं. ते वाढतात आणि ताप परत येतो.

त्याचा प्रवासही अजब आहे. त्याचे आफ्रिकेतले भाऊबंद त्से-त्से माशीच्या पोटात वाढतात; याला तिची गरजच उरलेली नाही. टॅबॅनस ही मोठी चावरी माशी शेपटीच्या फटक्याने अर्धवट रक्त पिऊन उठते आणि लगेच दुसऱ्या जनावराला चावते. तिच्या तोंडाला लागलेलं ओलं रक्त पुरेसं असतं.

आणि माणूस? आपल्या रक्तातलं एपीओएल-1 हे प्रथिन या जीवाच्या आतल्या पटलाला भोकं पाडून त्याला मारतं. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला मात्र सर्रा झाला. तपासात कळलं, जनुकीय दोषामुळे त्यांच्या रक्तात हे प्रथिनच नव्हतं. सुरामिन औषधाने ते बरे झाले.

म्हणजे रोग किती भयंकर, हे एकट्या जंतूवर ठरत नाही; तो कुणाच्या रक्तात उतरला, त्यावरही ठरतं. म्हणूनच घोडा आजारी पडला, तर शेजारच्या धडधाकट म्हशीचंही रक्त तपासायला हवं.