एसी की डीसी?

विंडोज १० ला सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. माझा संगणक पुढच्या आवृत्तीत बसेना, त्याचा प्रोसेसर म्हणे जुना. म्हणून दिवाळीत नवा लॅपटॉप घेतला आणि एका रविवारी सकाळी गिटारच्या अँपची नक्कल करणारं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चढवत बसलो. २०१२ साली पैसे मोजून घेतलेलं. पावती आजही मेलमध्ये आहे. त्यानं अनुक्रमांक विचारला, मी दिला. मग ते परवानगी आणायला कुठल्याशा सर्व्हरकडे गेलं ते परत आलंच नाही. कंपनीनं ते उत्पादन कधीच गुंडाळलंय, आणि माझ्या मेलला उत्तर दिलं ते एका यंत्रानं. तेरा वर्षं घासूनपुसून जमवलेले माझे सगळे आवाज त्यात अडकले.

मग माळ्यावर चढलो. तिथे पॉड असायला हवा होता.

आधीचा इतिहास भरभर उरकतो, कारण तो मी जगलेलो नाही. ट्यूबचा अँप खुलतो तो आवाज वाढवल्यावर, आणि तेवढा आवाज फ्लॅटमध्ये कुणी खपवून घेत नाही. बोस्टन बँडच्या टॉम शॉल्झनं ८० च्या दशकाच्या सुरुवातीला हेडफोनवर ऐकायचा रॉकमन काढला, १९८९ मध्ये अँपशिवाय अँपचा आवाज देणारा सॅन्सअँप आला. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाइन सिक्सनं राजम्याच्या दाण्याच्या आकाराची आणि तशीच लाल वस्तू बाजारात आणली. तोच पॉड. अँपच्या सर्किटची गणिती नक्कल त्याच्या पोटात होती. गंमत म्हणजे त्याच सुमारास याच कंपनीनं संगणकासाठी अँप फार्मही काढलं. पेटी बरी की प्लग-इन, हे भांडण एकाच घरातलं, भाऊबंदकीच म्हणा. (आमच्या आईला ‘पेटी’ म्हटलं की हार्मोनियमच आठवते. ‘तुझी पेटी बिघडली का रे?’ असं ती विचारायची, आणि मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.)

माझ्याकडे पॉड २.० आला २००४ मध्ये. आतेभाऊ न्यू जर्सीहून लग्नाला आला, त्याच्या बॅगेत चॉकलेटांच्या खाली. ॲडॉप्टर अर्थातच अमेरिकेचा, १२० व्होल्टचा. मी हौसेनं तो आपल्या २३० च्या भिंतीत खुपसला. जळक्या वार्निशचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. पॉड कसा वाचला देव जाणे.

खरी पंचाईत पुढेच होती. पॉडला नऊ व्होल्ट लागतात, पण एसी. पुण्यातल्या तपकीर गल्लीत पहिल्या दुकानदारानं डीसी पुढे केला. एसी हवाय म्हटल्यावर म्हणाला, ‘ॲडॉप्टर डीसीच असतो साहेब, तुमचं वाचण्यात चुकलंय.’ दुसऱ्यानंही तेच ऐकवलं, फक्त ‘साहेब’ न म्हणता. शेवटी मागच्या बोळात ट्रान्सफॉर्मर गुंडाळत बसलेले एक गृहस्थ भेटले. त्यांनी पॉड उलटा केला, चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाले, ‘दोन अँपिअर? बराच पितो की हा.’ दोन दिवसांनी त्यांनी पत्र्याच्या डबीत बसवलेला विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर हातात ठेवला.

त्यावर मी आठ-नऊ वर्षं वाजवलं. आज ऐकाल तर पॉडचा आवाज कागदी वाटेल, आणि लांबवलेला सूर विरता विरता फसफसतो, हे कबूल. पण खटका दाबला की दोन सेकंदांत तो तयार असायचा. ३२ अँपची नावं कायद्याला घाबरून आडवळणानं घेतलेली: मार्शलच्या घराण्यातला असेल तो ‘ब्रिट’, मेसाचा रेक्टिफायर असेल तो ‘रेक्टिफाइड’. बटण फिरवा, आवडला तर थांबा, नाहीतर पुढे. गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची तेवढीच काय ती सुट्टी.

तेव्हाचे आमचे ट्यूबवाले मित्र नाकं मुरडायचे. ‘खऱ्या ट्यूबशिवाय जीव नाही रे,’ हे वाक्य ज्यानं मला शंभरदा ऐकवलं, तो स्वतः सरावाच्या खोलीत कोन फाटलेल्या ट्रान्झिस्टर अँपवर वाजवायचा आणि त्यानं ट्यूबचा अँप पाहिला होता तो मासिकातल्या फोटोत. वीस वर्षं हे मनात ठेवलं होतं, आज लिहून टाकलं.

मला पॉडपासून फोडलं ते मात्र संगणकवाल्यांनी. २००६ च्या सुमारास प्रत्येकाकडे कुणाकडून तरी आलेली, मार्करनं नाव लिहिलेली गिटार रिग या सॉफ्टवेअरची सीडी असायची. ती ऐकून मी थक्क झालो आणि वाजवायला बसल्यावर हादरलो. तार छेडली की आवाज मागाहून यायचा. हिशेब सोपा आहे: संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो आणि १,०२४ चा घोस जमल्याशिवाय हलत नाही. म्हणजे जाताना २३ मिलिसेकंद, येताना तेवढेच. दोन्ही मिळून लागतो तेवढ्या वेळात ध्वनी सोळा मीटर जातो. तबलजीला चाळीच्या दुसऱ्या टोकाला बसवून ठेका धरायला सांगावं, तसं वाटायचं. घोस लहान केला की आवाज तडतडायचा. मग एएसआयओ-फॉर-ऑल नावाचा फुकटचा जुगाड हाती आला, मग यूएसबीची बरी साउंड कार्डं, आणि १२८ नमुन्यांवर, जाताना-येताना प्रत्येकी तीनेक मिलिसेकंदांत, काम भागू लागलं. त्यातच स्पीकरच्या कॅबिनेटचे ‘इम्पल्स’, म्हणजे त्यांच्या आवाजाचे ठसे, फुकट मिळायला लागले. अँपच्या आवाजात निम्मा वाटा कॅबिनेटचा आणि समोरच्या माइकचा असतो. पॉड तिथेच लंगडा होता. लेपूचे फुकट प्लग-इन अँप आणि एक चांगला इम्पल्स जोडला, आणि पॉड हरला.

२०१२ मध्ये मी ते सॉफ्टवेअर विकत घेतलं, आणि त्या दिवसापासून माझं वाजवणं कमी झालं. ऑफिसातून यायचं, संगणक लावायचा, दीडशे कॅबिनेटांतलं एक निवडायचं. माइक दोन इंच डावीकडे. पुन्हा उजवीकडे. साडेदहा वाजायचे आणि एक गतसुद्धा धड वाजवलेली नसायची. पॉडवर मी जी चुकीची वाजवायचो, ती निदान पूर्ण वाजवायचो. पॉड विकायलाही काढला होता. गिऱ्हाईक घरी आलं, तो ट्रान्सफॉर्मर हातात धरून हसलं आणि चहा पिऊन गेलं.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं माझ्या लेखी एकाच सुराची. केम्पर आला होताच, तो खऱ्या अँपचा ठसा घ्यायचा आणि किमतीनं आपल्याला लांब ठेवायचा. २०१५ मध्ये लाइन सिक्सचाच हेलिक्स, दोन वर्षांनी त्याचंच प्लग-इन. मग हेलसिंकीची न्यूरल डीएसपी ही कंपनी. मग स्टीव्हन ॲटकिन्सनचं न्यूरल अँप मॉडेलर, चक्क फुकट आणि मुक्तस्रोत. पुतण्या त्यावर वाजवतो. मी डोळे मिटून ऐकलं. खोट काढता आली नाही, आणि काढायची फार इच्छा होती.

तोच परवा विचारत होता, ‘काका, पेटी घेऊ की लॅपटॉपवरच राहू?’ आवाजाचं म्हणशील तर दोन्ही सारखेच, म्हटलं. दिवसभर तू संगणकासमोरच बसतोस, संध्याकाळी पुन्हा तिथेच बसलास तर मेल बघशील. पेटी घे. तो म्हणाला, हल्लीच्या पेटीलाही खातं उघडावं लागतं, अपडेट लागतात. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो लॅपटॉपवरच राहिला.

पॉड माळ्यावर जुन्या चादरीत सापडला, लालसर धुळीनं माखलेला पण धड. ट्रान्सफॉर्मर मात्र पावसाचं पाणी झिरपून गंजून गेलेला. बुधवारी तपकीर गल्लीत गेलो. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या बोळात मोबाइलची कव्हरं लटकतात. तीन दुकानांत डीसी दाखवले. चौथ्यात पंचविशीचा एक मुलगा सोल्डरिंग करत होता. त्यानं मानही वर न करता विचारलं, ‘एसी की डीसी?’

‘एसी. नऊ व्होल्ट, दोन अँपिअर.’

‘गुंडाळावा लागेल. शुक्रवारी या,’ तो म्हणाला. ‘उद्या गुरुवार, लाइट नसणारे.’