जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

घरातील संगणक मंद झाला की 'आता नवाच घ्यायला हवा' असा विचार प्रथम मनात येतो. परंतु त्यासाठी लागणारी रक्कम प्रत्येक कुटुंबाजवळ एकाच वेळी असतेच असे नाही. आणि घरी राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यास त्या रकमेची वाट पाहत थांबू शकत नाही. अशा वेळी जुन्या संगणकातील एकेक भाग बदलून त्याला कामायोग्य करता येते. हा मार्ग कमी खर्चाचा आहे; मात्र क्रम चुकला, तर पैसे खर्च होऊनही संगणक पूर्वीइतकाच मंद राहतो. म्हणून कोणता भाग आधी बदलावा, कोणता नंतर आणि कोठे थांबावे, हे या पाठात आपण समजून घेऊ.

मंदपणाचे मूळ

संगणकाची अंतर्गत व्यवस्था स्वयंपाकघरासारखी असते. प्रोसेसर हा स्वयंपाक करणारा, रॅम हा त्याच्यासमोरचा ओटा आणि हार्ड डिस्क ही सामान साठवण्याची कोठी. ओटा अपुरा असेल, तर एक जिन्नस उचलून ठेवल्याशिवाय दुसरा मांडता येत नाही. कोठी दूर असेल, तर स्वयंपाक करणारा कितीही चपळ असो, त्याचा वेळ वाट पाहण्यातच जातो. तेव्हा अडचण ओट्याची आहे, कोठीची आहे की स्वयंपाक करणाऱ्याची, हे आधी ओळखले पाहिजे.

ही परीक्षा विनामूल्य करता येते. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामे चालू ठेवून तेथील आकडे पाहावेत. डिस्कचा वापर सतत शंभर टक्क्यांजवळ राहत असेल, तर अडचण बहुधा कोठीची; रॅम जवळजवळ भरलेली दिसत असेल, तर ती ओट्याची असते.

उदाहरणादाखल २०१२-१३ च्या सुमाराचा एक टेबलावरील संगणक घेऊ. त्यात तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे.

पहिला टप्पा : स्वच्छता

प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. नंतर वीजजोडणी काढून, धातूच्या पेटीला हात लावून अंगातील स्थिरविद्युत जाऊ द्यावी आणि पंख्यावरील धूळ मऊ ब्रशने झाडावी. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. त्यामुळे केवळ धूळ काढल्यानेही कधी कधी फरक पडतो. संगणक सुरू करताना दर वेळी तारीख चुकत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल बदलावा.

दुसरा टप्पा : एसएसडी

सर्वसाधारण हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या घेते. हवी असलेली माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्यात मिळवावा लागतो. त्यामुळे विखुरलेल्या माहितीचे तुकडे ती सेकंदाला साधारण शंभरच वाचू शकते. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हीच संख्या हजारांत जाते. जुन्या मदरबोर्डवरील साटा जोडणी कमी वेगाची असली, तरी हा मुख्य लाभ टिकून राहतो. आपल्या उदाहरणात म्हणूनच पहिला मोठा खर्च येथे करावा. शिवाय पुढे संगणक बदलला, तरी अडीच इंची साटा एसएसडी नव्या संगणकात सहसा वापरता येते. तेव्हा हा खर्च वाया जात नाही.

तिसरा टप्पा : रॅम

एसएसडी बसवून काही आठवडे काम केल्यावरही रॅम भरत असेल, तरच ती ४ वरून ८ जीबी करावी. या काळातील मदरबोर्डांना डीडीआर-थ्री प्रकारची रॅम लागते. २०१४ पासून बाजारात आलेली डीडीआर-फोर रॅम त्यांत बसत नाही, कारण तिची खाच वेगळ्या जागी असते. म्हणून दिल्लीचे नेहरू प्लेस असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी. कार्यप्रणाली ३२ बिटची असेल, तर ४ जीबीपलीकडील रॅमचा तिला सहसा उपयोग होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

चौथा टप्पा : कार्यप्रणाली

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आपल्या उदाहरणातील प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे असते. अशा वेळी लिनक्सवर आधारित विनामूल्य कार्यप्रणाली उपयोगी पडते. लिनक्स मिंट, उबुंटू, तसेच सी-डॅक या भारतीय संस्थेने विकसित केलेली बॉस ही तिची उदाहरणे होत. त्यांत मराठी लेखनाची सोय आहे. मात्र केवळ विंडोजसाठी बनवलेले एखादे सॉफ्टवेअर तुम्हाला अत्यावश्यक असेल, तर त्याला पर्याय आहे का, हे आधी पाहावे.

कोठे थांबावे?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथेही लागू पडते. प्रोसेसर बदलण्यासाठी मदरबोर्डही बदलावा लागत असेल, तर रॅमही नवी घ्यावी लागते आणि खर्च दुसऱ्या संगणकाच्या किमतीजवळ जातो. तेथे थांबून पुढील पैसे साठवणे हिताचे. काढलेले भाग कचऱ्यात टाकू नयेत. त्यांत शिशासारखे विषारी पदार्थ असू शकतात. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. हार्ड डिस्क देण्यापूर्वी तिच्यावरील खाजगी माहिती पूर्णपणे पुसून टाकावी.

करून पाहा : तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या संगणकावर नेहमीची कामे चालू असताना डिस्क, रॅम आणि प्रोसेसर यांच्या वापराचे आकडे तीन दिवस नोंदवा. त्यांवरून कोणता भाग प्रथम बदलावा, ते कारणासह लिहा.